किसनच्या आवाजासाठी माईक

सूनबाईच्या स्कूटीवर मागं बसून कवठ्याची वेस ओलांडत होतो, तेव्हाच पारावरून पहिला टोमणा आला.

"आबा, आज बारी कुठल्या घाटात?"

"दौंडच्या," मी म्हणालो.

"दौंडात घाट कवा झाला?"

"आज हुतोय. तू तुझी बिडी वढ."

लांबच्या वाचकांना हे बोलणं कळायचं नाही, म्हणून सांगतो. घाट (बैलगाडा पळवायची चढाची वाट) आणि बारी (एका गाड्याची पळायची पाळी) हे आमच्या कवठे येमाईकडचे रोजचे शब्द. मी आणि किसन, आम्ही दोघांनी उभी हयात घाटावर पुकारा केला. पुकारा म्हणजे माईकवरून गाडामालकाचं नाव, बैलांची नावं, कोण आलं, कोण गेलं ते सांगायचं. माईक एकच असायचा. मी मालकाचं नाव घेतलं की माईक किसनकडं. त्यानं बैलांची नावं घेतली की माईक माझ्याकडं. झेंडा पडला की दोघांनी एकदम तोंड लावून "भिर्रर्र झाली!" असं ओरडायचं. पुढं किसन रेल्वेत चिकटला, दौंडला राहायला गेला, पण जत्रांच्या दिवसांत रजा टाकून यायचा. मधे शर्यती बंद पडल्या, परत सुरू झाल्या, आम्ही आपले दोघं तिथंच.

मी शाळा तिसरीत सोडली. तरी हे माझ्या हातानं लिहितोय. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं मला जमत नाही, तो मधेच स्वतःची अक्कल घालतो.

तर त्या आठवड्यात किसनच्या बायकोचा, सुमनवैनीचा फोन आला. किसनच्या गळ्यात गाठ निघाली होती. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. सोमवारी भरती. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

फोन हातात धरून मी ओट्यावर बसूनच राहिलो. हात तुटलेला माणूस मी पाहिलाय. पाय तुटलेला पाहिलाय. पण माणसाचा आवाज कापून काढतात आणि माणूस तसाच घरी येतो, हे मला माहीत नव्हतं.

माझी सूनबाई मनीषा रांजणगावच्या कंपनीत कामाला जाते. कंपनीच्या बसमध्ये बायकांशी बोलते, ते मोबाईलवर भरून घेते आणि लोकांना ऐकवते. त्याला पॉडकास्ट म्हणतात (कुणीबी घरी बसून करावा आणि कुणीबी कधीबी ऐकावा असा रेडिओ). मला हा पोरखेळ वाटायचा. त्या दिवशी तीच म्हणाली, "आबा, किसनमामांचा आवाज आपण भरून ठेवू. फोनवर बी हुईल, पण एक चांगला माईक घेऊ. शिरूरला दुकान हाय. शनिवारी माझी सुट्टी हाय."

मी म्हणालो, "घ्यायचा तर मोठा घ्यायचा. किसनच्या आवाजाला बारकी वस्तू चालायची न्हाई."

तिनं तोंडावर ओढणी घेतली. हसली का काय, दिसलं नाही.

*

मलठणवरून शिरूरला आलो. वाटेत रानात कांद्याच्या ऐरणी (रचून ठेवलेले ढीग) झाकलेल्या, वारा गार होता. पाठ आखडली होती, पण सुनेसमोर कण्हायचं नाही म्हणून ताठ उतरलो आणि पायाला मुंग्या आल्यामुळं दुकानाच्या खांबाला मिठी मारली.

"चक्कर आली का, आबा?" दुकानदार धावत आला.

"न्हाई. खांब बघत हुतो. मजबूत हाय."

दुकान म्हणजे वर लग्नाचे स्पीकर, खाली मोबाईलचे डबे. दुकानदार ढेरपोट्या, गप्पिष्ट, पूर्वी डीजेवर कामाला होता असं त्यानंच सांगितलं. मनीषानं त्याला आमचं काम सांगितलं: घर रेल्वेलाईनच्या कडंला, माणूस आजारी, आवाज बसलेला, ऑपरेशननंतर तोही जाणार, आणि यंत्र स्कूटीवर नेता आलं पाहिजे. दुकानदारानं काचेवर फडकं मारलं आणि एक डबी उघडली. आत काळे दोन मणी. खुरासनीच्या बी एवढे नसतील, पण चिंचोक्याएवढे नक्की.

"हे काय? बटनं?"

"कॉलर माईक, आबा. ह्यो तुमच्या सदऱ्याला, दुसरा समोरच्याच्या. वायर न्हाई. आवाज सरळ फोनमधी. तोंडाच्या जवळ बसतो म्हणून बाहेरची रेल्वेबिल्वे कमी येती."

"आवाज कुठून बाहेर येतो?"

"बाहेर न्हाई येत. आत जातो."

"आत जातो?" मी मनीषाकडं पाहिलं. ज्यातून आवाज बाहेर पडत नाही तो माईक कसला? घाटावर माईक हातात घेतला, फुंकर मारली आणि पलीकडच्या डोंगरावरून आपली फुंकर परत आली, की माईक चालू आहे हे कळतं. हे मणी म्हणजे मुक्याच्या हातात शिट्टी.

दुसरं यंत्र त्यानं काढलं ते हाताच्या पंजाएवढं, डोक्यावर दोन शिंगं. त्यावर त्यानं केसाळ टोपडं चढवलं. मी हात मागं घेतला. मुंगसाचं पिल्लू बसल्यासारखं दिसत होतं.

"वाऱ्याचा खरखराट अडवाया असतंय हे," तो म्हणाला. "हा रेकॉर्डर. ह्याला फोन बी लागत न्हाई. पण ह्यो सगळं धरतो. माणूस धरतो, कुत्रं धरतो, शेजारणीची भांडी बी धरतो. कानाला लावून बघा."

त्यानं माझ्या कानांवर दोन वाट्या बसवल्या आणि बटण दाबलं.

वाचकांनो, मी बहिरा नाही. नातवंडं कुजबुजली तरी मला कळतं. पण त्या वाट्यांतून जे आलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. डोक्यावरचा पंखा कुईकुई करत होता, तो मला आधी ऐकूच आला नव्हता. दुकानदाराच्या पोटात गुरगुरलं, ते आलं. रस्त्यापलीकडं कुणीतरी उसाच्या रसाच्या चरकाची घंटी वाजवत होतं, ती माझ्या कानात वाजली. आणि या सगळ्याच्या मधोमध कुणीतरी धापा टाकत होतं. कटकट दात वाजवत होतं.

"हे कोण धापा टाकतंय?"

मनीषा वरच्या स्पीकरांकडं बघू लागली. दुकानदार काच पुसायला लागला.

तो मीच होतो. ती कवळी माझी होती.

"बोला की काहीतरी," दुकानदार म्हणाला. "भरून घेतो, परत ऐकवतो."

मी छाती पुढं काढली आणि घाटावरची सुरुवात केली. "राम राम मंडळी! कवठ्याच्या घाटावर..." पुढचं नेहमीचं सगळं. दुकानासमोर दोघं-तिघं थांबले, एकानं "वा" म्हटलं. मग दुकानदारानं ते परत वाजवलं.

वाट्यांतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. चिरका, मागून हवा सुटलेला, शेवटच्या शब्दाला घसरणारा. पहिल्यांदा मला वाटलं, आधी कुणाचं तरी भरलेलं राहिलं असेल. मग कवठ्याचं नाव आलं.

मी वाट्या काढून काचेवर ठेवल्या. आमच्या पंचक्रोशीत माझा आवाज घंटेसारखा आहे असं म्हणतात. निदान मी तसं ऐकत आलोय.

"मशीन बिघडलेलं हाय," मी म्हणालो.

"नवीन हाय, आबा."

"नवीन बिघडलेलं हाय. ते काय हाय तिकडं?"

वरच्या फळीवर एक सोनेरी माईक होता. जाडजूड, मुठीत भरेल असा आणि त्याच्या पोटातच लाऊडस्पीकर. दुकानदार म्हणाला, ते गाणी म्हणायचं आहे, वाढदिवसाला नेतात. त्यात चीप घातली की भरून बी घेता येतं, पण पॉडकास्टच्या कामाचं नाही. मी ते हातात घेतलं, फुंकर मारली. पलीकडच्या हॉटेलातला माणूस दचकून मागं वळला. "हॅलो" म्हणालो. माझा आवाज परत मोठा झाला, गोल झाला, माझा झाला.

"हे द्या."

"आबा," मनीषा हळू म्हणाली, "यात सगळा आवाज फाटतो. किसनमामांचा आवाज आधीच..."

"किसनबरोबर माईक कुणी धरलाय? तू का मी?"

ती गप्प झाली. आमच्या घरात मी एकदा बोललो की गप्प होतात. दुकानदार पिशवीत घालता घालता तिला म्हणाला, "न्हाई जमलं तर उद्या बदलून न्या, ताई." मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

*

न्हावऱ्याला थांबून भेळ खाल्ली. भेळवाल्यानं वर मिरची ठेवली होती, ती मी रागानं अख्खी खाल्ली आणि पुढं इनामगावपर्यंत डोळ्यांतून पाणी येत राहिलं. मनीषाला वाटलं, किसनच्या आठवणीनं रडतोय. मी तसं वाटू दिलं.

इनामगावजवळ मागचं चाक बसलं. मनीषा पंक्चरवाल्याला घेऊन येईपर्यंत मी घोड नदीच्या अंगानं जरा चाललो. तिथं पांढरीचं टेकाड आहे (जुन्या वस्तीची माती साचून झालेला उंचवटा). हजारो वर्षांपूर्वीची माणसं इथं राहायची, त्यांचे रांजण, त्यांची हाडं, चुली, धान्य, सगळं शहाण्या लोकांनी उकरून काढलं. बांधावर एक गडी बैलांना पाणी दाखवून आणत होता. मी म्हणालो, "पावणं, ह्या जुन्या लोकांकडं बैलं हुती का?"

"व्हती म्हंत्यात. हाडं निघाली."

"मग हाकायची कशी? काय म्हणून हाक मारायची?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "ते कसं निघल हो मातीतनं?"

तो गेला. माणसाचं मडकं राहतं, हाड राहतं, जळका दाणासुद्धा राहतो. किसनच्या तोंडचा "भिर्रर्र" मात्र सोमवारनंतर कुणी कितीही खणलं तरी सापडणार नव्हता.

म्हणून म्हणलं, वस्तू एकदा नीट तपासून घ्यावी. पिशवीतून सोनेरी माईक काढला, नदीकडं तोंड केलं आणि पूर्ण जोर लावून घाटावरची हाक दिली. बांधाखालच्या शेळ्या चौखूर उधळल्या. कुत्री भुंकायला लागली. थोड्या वेळानं पलीकडच्या वस्तीवरून एक बाई डोक्यावर मोडकी घमेली आणि फुटकी बादली घेऊन पळत आली.

"ओ मामा, थांबा! भंगार कसं घेताय?"

"मी भंगारवाला न्हाई."

"मग वरडताय कशाला?" तिनं बादली आपटली. "मी चूल सोडून आली ना!"

मागं मनीषा आणि पंक्चरवाला येऊन उभे होते. मनीषानं त्या बाईची माफी मागितली. पंक्चरवाल्यानं चाक काढताना खाली घातलेली मान शेवटपर्यंत वर केली नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

*

घोड ओलांडून काष्टीवरून दौंडकडं आलो. भीमेच्या पुलावर दुपारचं ऊन चमकत होतं. पूल उतरला की रेल्वेचा वास येतो, तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा. किसनचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. घरामागून रूळ जातात. मालगाडी गेली की ताटल्या वाजतात, आणि घरातलं कुणी मान वर करत नाही.

सुमनवैनी दारात होत्या. "या भाऊजी," म्हणाल्या आणि लगेच आत वळल्या. डोळे सुजलेले होते.

किसन खाटेवर बसला होता. अंगावरचं मांस उतरलं होतं, गळ्याला मफलर. मला बघून त्यानं हात वर केला आणि बोलला. ओठ हलले. मला वाटलं बोललाच नाही. मग कळलं की जे भिंतीवरून बोट फिरवल्यासारखं ऐकू आलं, तेच त्याचं बोलणं होतं.

मी त्याच्यासमोर बसलो. हा माणूस घाटाच्या खालून ओरडला तर वरची, गाड्यापुढं पळायची घोडी कान टवकारायची.

"लई बोलू देऊ नका," वैनी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणलेत. थोडं बोलत्यात, मग बंदच हुतंय. मग संध्याकाळपर्यंत वाट बघायची."

म्हणजे किसनकडं त्या दिवशीचा आवाज वाटीत उरलेल्या तेलाएवढा होता. हे मला कळायला पाहिजे होतं. कळलंसुद्धा. पण मी तोपर्यंत पिशवीतून सोनेरी माईक काढला होता, आणि किसनच्या डोळ्यांत ते बघून जी चमक आली ती बघून मला दुसरं काही सुचलं नाही.

"मोठा हाय," तो कुजबुजला.

"तुझ्यासाठी हाय. घे."

मनीषा पुढं झाली. "मामा, जोर लावू नका हां. हळू बोला, मी फोन बी ठेवते शेजारी."

पण माईक मुठीत आला की किसन कुणाचं ऐकतो? त्यानं आधी मला दिला. मालकाचं नाव मी घ्यायचं असतं ना. मी नाव घेतलं. छोट्या खोलीत माझा आवाज भिंतींवर आपटला आणि माईक कुत्र्यासारखा विव्हळायला लागला, कानात सुई गेल्यासारखी शिट्टी. मी तो तसाच किसनकडं दिला. त्यानं माईक ओठांना चिकटवला, डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि "भिर्..."

तिथंच तुटलं. सुकी फांदी मोडावी तसं. तो खोकत खोकत पुढं वाकला. परत तोंड उघडलं. आता कुजबुजसुद्धा येईना. नुसती हवा.

वैनी पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. माईक खाटेवर पडून शिट्टी मारतच होता. मनीषानं तो बंद केला. मग खोलीत फक्त किसनचा श्वास.

मनीषानं चीपवर काय भरलं ते ऐकून पाहिलं. पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज, त्यात मी, आणि मी, आणि शिट्टी. किसन कुठंच नाही.

मी उठून बाहेर आलो. रुळाकडं तोंड करून उभा राहिलो. एक मालगाडी गेली, डबे मोजले नाहीत. मला जे वाटत होतं ते मी इथं लिहिणार नाही.

*

वैनींनी जेवायला हाक मारली. मासवडी केली होती (बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचं सारण; मासा नावालाच), आमच्या कवठ्याकडची. मी यायचा म्हणून केली असणार. किसनसमोर पेजेची वाटी. तो माझ्या ताटाकडं बोट करून वैनींना खुणावत होता, अजून वाढ, अजून वाढ. मी घास गिळला, पण कसा गिळला ते विचारू नका.

"आता?" मी मनीषाला विचारलं. तिला असं विचारायची माझी पहिलीच वेळ.

तिनं तोंडातला घास संपवला. सुनेलाही थोडा वेळ घ्यायचा हक्क आहे. मग म्हणाली, "वाट बघायची. मामांचा आवाज आला तर आला. आला तर मोठ्यानं कायबी बोलायचं न्हाई. मामी, जाड गोधडी हाय का?"

"हाय की. तीन हायेत."

"कंपनीच्या बसमधी लई गोंगाट असतो," ती आम्हाला सांगायला लागली. "मग आम्ही दोघी डोक्यावरनं शाल घेतो, मधी फोन धरतो. शालीनं बाहेरचं थांबतं. तोंड जवळ असलं की हळू बोललेलं बी येतं. मोठ्या आवाजाचं कामच न्हाई. जवळ असलं पायजे."

"आम्ही दोघं म्हातारं गोधडीत शिरायचं?"

किसन खाटेवर हलायला लागला. आवाज नाही, पण हसत होता. त्याला मी ओळखतो.

ऊन कललं. गल्लीतल्या बायका पाण्याला निघाल्या. किसनला झोप लागली होती. जागा झाल्यावर त्यानं घसा चाचपला आणि तोंड हलवलं. भिंतीवरून बोट फिरल्यासारखं काहीतरी आलं.

"घे गोधडी," तो म्हणाला.

आम्ही खाटेवर समोरासमोर मांडी घालून बसलो. वैनींनी आणि मनीषानं आमच्यावर दोन गोधड्या टाकल्या. आत अंधार, जुन्या लुगड्यांचा आणि बामाचा वास. आमचे गुडघ्याला गुडघे लागले होते. मधे मोबाईलचा बारका उजेड, त्यात किसनचं नाक आणि दोन डोळे.

बाहेरून मनीषा म्हणाली, "फोन हलवू नका. मधी धरा. बोला."

"कर पुकारा," मी हळूच म्हणालो. "जमल तेवढा. तुझा भिर्रर्र पायजे मला."

किसननं मान हलवली. नाही.

"आरं, त्यासाठी तर आलोय."

"ते लोकांनी ऐकलंय," तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला थांबत होता. "सगळ्या तालुक्यानं. घरचं कुणी ऐकलंय?" मग फोनकडं तोंड नेलं. "सुमन. अगं सुमन. च्या टाक."

त्यानं दम घेतला आणि सवयीनं, अगदी घाटावरच्या सवयीनं, फोन उचलून माझ्याकडं दिला. माझी पाळी. मी काय बोलणार? तसाच परत त्याच्याकडं दिला.

"सुमन, चष्मा कुठं ठिवला?" फोन माझ्याकडं. मी त्याच्याकडं.

"सुमन, दार लाव, गाडी चाललीय." माझ्याकडं. त्याच्याकडं.

"सुमन, जेवलीस का?"

गोधडीच्या बाहेर कुणीतरी भिंतीला धरून खाली बसल्याचा आवाज आला.

उरलेल्या आवाजात त्यानं पोरांची नावं घेतली, नातवंडांची लाडाची नावं घेतली, आणि सगळ्यात शेवटी माझं. "बबन्या." मला आता या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही. मागून एक्सप्रेस धडधडत गेली, खाट हलली. ती जाईपर्यंत तो थांबला. मग परत तोंड उघडलं. पण आवाज संपला होता. त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि माझी मूठ मिटवली.

मनीषानं गोधड्या काढून वाजवून दाखवलं. फोन इकडून तिकडं जाताना खसखस आली होती. पण मधे, प्रत्येक खसखशीनंतर, किसन होता. स्वच्छ. आणि एकदा मी होतो, "तुझा भिर्रर्र पायजे मला" म्हणणारा, तोच चिरका म्हातारा.

"हा आवाज माझा न्हाई," मी म्हणालो.

किसननं पाटी मागितली. नातवंडांच्या पाटीवर लिहून बोलायची त्यानं सवय करायला घेतली होती, पुढची तयारी म्हणून. त्यावर खडूनं लिहिलं, तुझाच हाय. आम्ही रोज हाच ऐकतो. आवडतो.

मी पाटी वाचायला फार वेळ लावला. कमी शिकलोय, असं सगळ्यांना वाटलं असेल. वाटू द्या.

*

रात्र किसनकडंच काढली. दुसऱ्या दिवशी निघताना वैनी मनीषाला म्हणत होत्या, "पोरी, ते माझ्या फोनमधी टाकलंस ना? परत बघ टाकलंस का." किसननं दारातून हात हलवला. इनामगावच्या टेकाडाजवळून जाताना मी माईक पिशवीतच ठेवला. बादलीवाली बाई रस्त्याच्या कडंला उभी होती. आम्हाला बघून हसली.

शिरूरला मनीषानं न विचारता स्कूटी त्याच दुकानासमोर लावली. मी सोनेरी माईक काचेवर ठेवला.

"न्हाई जमलं, आबा?" दुकानदारानं विचारलं. "मोठ्या आवाजाचा हुता की."

"मोठ्याचं काम नव्हतं. ते काळे मणी काढा."

त्यानं डबी उघडली. दोन्ही मणी मखमलीत बसले होते. मनीषानं मागं सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं, म्हणून चांगल्या मनानं म्हणाला, "आबा, एकाचा बी सेट येतो. तुमच्या मित्राचं ऑपरेशन हाय ना? ते तर बोलणार न्हाईत. दुसऱ्याचं काय काम?"

मी एक मणी उचलून हातावर ठेवला. त्याला काहीच वजन नव्हतं. किसन घरी आला की आम्ही परत त्या खाटेवर बसणार. मी घाटावरच्या गोष्टी सांगणार, मनीषा त्या लोकांना ऐकवणार. बोलता बोलता माझा हात सवयीनं पुढं जाणार, त्याच्याकडं. आता तिथं काय द्यायचं, याच विचारानं मला भीमेच्या पुलापासून घाम फुटला होता.

"दोन पायजेत," मी म्हणालो. "एक त्याच्या सदऱ्याला लावायचा."

"आन् त्यात काय येणार?"

"त्यो ऐकतोय, ते येईल."

दुकानदारानं माझ्या हातावरचा मणी उचलून परत मखमलीत बसवला. त्यानं डबी बंद केली आणि मनीषाच्या हातात दिली.

मलठणच्या चढाला वारा समोरून आला. मनीषानं मागं न बघता विचारलं, "आबा, घट्ट धरलंय ना?" काय धरलंय म्हणून ती विचारतेय ते मला कळलं नाही. पण डबी मी तिच्याकडून कधीच मागून घेतली होती, आणि ती मुठीत होती. मी हो म्हणालो. माझ्या त्याच आवाजात.